परतीची धाव

बोबर गार होतंय, आधी ते प्या. निम्मा रमजान झाला की वर्षातून या एकाच रात्री तुमची आंटी शेवया, साबुदाणा, वेलदोडे घालून दूध आटवते, आणि तुम्ही पोरं माझ्या ओट्यावर बसून फोनमधले आकडे बघताय. दे इकडे, तश्रीक. काय आहे हे? शून्य ते शंभर, पाच पूर्णांक आठ सेकंद? तुझी ती खोक्यासारखी गाडी? कुठे पळवलीस, टेबल माउंटनवरून खाली सोडलीस का?

हसू नका रे. वारा कुठून होता? पाठीमागून? मग त्याच रस्त्यावर उलटी पळवून परत वेळ मोजलीस का? नाही ना. म्हणजे हा आकडा तुझा नाही, बाळा. यातला निम्मा वाऱ्याचा आहे.

हे बोलणं माझं नाही, मुहसीनचं. आणि मी ऐकलंय, ईद झाली की तुम्ही सगळे मुहसीनच्या नुरानकडे जाणार, आमच्या गाड्यांची वेळ मोजून दे म्हणणार. तिच्याकडे बापाचं यंत्र आहे म्हणून. जाऊ नका. का, ते सांगतो. दाराजवळचा दिवा बंद कर कोणीतरी, किडे येताहेत.

मी स्वतः तिथे नव्हतो. इगसान होता, माझ्या बहिणीचा मुलगा. गाडीत जे झालं ते नुरानने त्यालाच सांगितलं, त्याच रात्री. इगसान थापा मारतो, मला माहीत आहे, पण त्या इंजिनाबद्दल असतात. माणसांबद्दल त्याने मला कधी खोटं सांगितलेलं नाही.

तर काम साधं होतं. एक किल्ली परत करायची होती.

डार्लिंग गावाच्या अलीकडे ऊम वेसलची गव्हाची शेती आहे. तिच्या मागे लढाईच्या काळातली विमानपट्टी. विमानं केव्हाच गेली, डांबर राहिलं. सरळ, सपाट, दोन्ही बाजूंना पोर्ट जॅक्सनची झुडपं. त्या पट्टीच्या फाटकाची किल्ली कित्येक वर्षं मुहसीनकडे होती. तो गेला, तेव्हा त्याची बायको झुल्फा म्हणाली की चाळिसाव्याच्या आधी लोकांच्या वस्तू लोकांकडे पोचल्या पाहिजेत. म्हणून नुरान निघाली, बापाची लाल गोल्फ गाडी घेऊन. शेजारी इगसान, त्याच्या मांडीवर नारळ लावलेल्या गोड, तळलेल्या कुसिस्टरांचा डबा, ऊम वेसलसाठी.

गेल्या वर्षी रमजान लागायच्या आधीचा शेवटचा गुरुवार. दुसऱ्या दिवशी चाळिसाव्याची दुआ. महिना संपत आलेला, त्यामुळे चंद्र नाही. आणि वारा नव्हता. फेब्रुवारीत केपमध्ये वारा नाही असं तुम्ही कधी ऐकलंय? त्या संध्याकाळी नव्हता. झुडपाचं पान हलत नव्हतं.

तुम्ही मुहसीन बघितलात तो शेवटी शेवटी, जाडजूड, गुडघे धरून चालणारा. मी त्याला वर्दीत बघितलाय. वाहतूक पोलीस होता तो. आठवडाभर वेगाने जाणाऱ्यांना अडवायचा आणि शनिवारी त्याच पोरांना पट्टीवर नेऊन गाड्या पळवायला लावायचा.

मी चिडवायचो, "मुहसीन, शनिवारी गिऱ्हाइकं तयार करतोस आणि सोमवारी पकडतोस."

तो म्हणायचा, "तिथे पोट भरून पळाले की इथे शहाण्यासारखे चालवतात. तू ये ना एकदा. तुझ्या गाडीला शंभर गाठायला किती महिने लागतात ते मोजू."

गाडी उभी. पाय दिला. तिथून शंभरपर्यंत किती सेकंद, एवढाच प्रश्न. एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे. दोन्हींची सरासरी काढायची, तो खरा आकडा. एका बाजूचा आकडा मुहसीनने आयुष्यात कुणाला दिला नाही. सख्ख्या मेव्हण्याने मागितला, तरी नाही. "वारा विकायला बसलो नाही मी," म्हणाला. झुल्फाचं माहेर सहा महिने बोलत नव्हतं.

आणि त्याचा एक नियम होता, तो नीट ऐका.

मुहसीनला सगळं जमायचं, पण चेहरा लपवायला जमायचं नाही. पहिल्या धावेचा आकडा त्याच्या तोंडावर उमटायचा. चालवणाऱ्याला तो कळला की दुसरी धाव बिघडलीच म्हणून समजा. आकडा चांगला असला तर माणूस चढून जातो, वाईट असला तर चिडतो. म्हणून टोकाला पोचलं की गाडी वळवायची, थांबायचं आणि गप्प बसायचं. समोर तापमानाची सुई असते, ती बघायची. डावीकडे, मुहसीनकडे, मान वळवायची नाही. पंख्याने इंजिन निवलं की तो डॅशबोर्डवर दोन थापा मारायचा, मग सुटायचं. परत आल्यावर तो सरासरी मोठ्याने सांगायचा. तोपर्यंत एक शब्द नाही. यासीर, तुझ्या मोठ्या भावाने एकदा चोरून बघितलं, तर मुहसीनने त्याला तिथेच उतरवला आणि पट्टीच्या टोकापासून चालत फाटकाशी पाठवला.

गुडघे गेल्यावर मुहसीन चालवेनासा झाला आणि गोल्फ नुरान चालवायला लागली. औषधांच्या दुकानात काम करते ती, बोलायला गरीब. पण पाय असा हलका की बापाला बघत राहावंसं वाटायचं. आठवड्यातून एकदा ती दोघंच जायची. झुल्फा म्हणायची, "माझ्या वाट्याला नवरा नाही नि मुलगी नाही, रिकामे डबे तेवढे येतात."

त्या जानेवारीतल्या शनिवारी दक्षिणेचा वारा सुटलेला होता. पहिली धाव वाऱ्याबरोबर. नुरान म्हणते, गाडी अशी कधीच सुटली नव्हती. पोटात कळतं माणसाला. टोकाला पोचली, वळली, थांबली. सुई वर होती. पंखा फिरत होता. ती बघत बसली, समोर.

सुई खाली आली. थाप नाही.

पंखा थांबला. थाप नाही.

ती मनातल्या मनात हसत होती. तिला वाटलं, आकडा इतका छान आलाय की बूया आज कसलीच घाई करणार नाहीत, इंजिन पुरतं निवू देणार. बापाला बूया म्हणायची ती. बसून राहिली तशीच. वारा गाडीला धक्के देत होता. शेवटी समोर बघतच म्हणाली, "बूया, झालं ना? जाऊ?"

मग तिने नियम मोडला. डावीकडे बघितलं.

हनुवटी छातीवर टेकलेली होती. यंत्र मांडीत. त्याच्यावरचा आकडा अजून पेटलेला.

रुग्णवाहिका थेट त्या टोकालाच आली आणि तिकडूनच त्याला घेऊन गेली. डॉक्टरांना नुरानने एकच प्रश्न विचारला. एका क्षणात गेले का? ते म्हणाले, कदाचित. ती म्हणाली, कदाचित म्हणजे काय? ते म्हणाले, कदाचित थोडा वेळ लागला असेल, सांगता येत नाही.

त्या एका शब्दाने पोरगी खाल्ली. जेवेना, झोपेना. आपण सुईकडे बघत बसलो तेव्हा ते आपल्याकडे बघत होते का? हात उचलायचा प्रयत्न केला का त्यांनी? हाक मारावीशी वाटली आणि मारता आली नाही, असं झालं का? हातभर अंतरावर बाप चालला होता आणि मी हसत होते, असं म्हणायची. झुल्फा तिला जवळ घ्यायची, पण स्वतःच रडायला लागायची. मी गेलो होतो समजवायला. काय समजवणार? तिच्यासमोर चहा पिऊन परत आलो.

त्यात पोरांनी काय केलं, तर त्या दिवशीचा तो आकडा मुहसीनच्या फोटोखाली टाकून सगळीकडे पाठवला. अंकल मुहसीनचा शेवटचा विक्रम म्हणून. प्रेमानेच केलं. पण नुरान आयुष्यात पहिल्यांदा कुणावर तरी ओरडली. "एकतर्फी आकडा? त्यांच्या नावावर? अरे, त्यांची परतीची धाव राहिलीय!"

बरं. तर तो गुरुवार.

फाटकाशी पोचले तेव्हा सूर्य बुडाला होता. नुरान म्हणाली, "इगसान, तू डबा घेऊन पुढे हो. मी फाटक नीट लावून किल्ली घेऊन येते."

इगसान म्हणाला, "एकटी?"

"कुलूप लावायला मिरवणूक लागते का?"

तो गेला. ऊम वेसलने कॉफी ओतली, कुसिस्टर उचलला, पावसाचं बोलणं काढलं. तेवढ्यात पट्टीवरून इंजिनाचा आवाज आला. चढत गेला, गिअर पडला, परत चढला.

ऊम वेसल खिडकीकडे न बघताच म्हणाला, "मुहसीन आला वाटतं."

आणि मग त्याच्या हातातला कप तसाच राहिला.

इगसान उठून पळाला. घरापासून पट्टी लांब आहे. झुडपांतून वाट, अंधार पडलेला. मधेच आवाज थांबला. गाडी पलीकडच्या टोकाला उभी राहिली असणार. हा पळत होता. आवाज परत येईना.

आता गाडीतलं.

नुरानचं आधी काही ठरलेलं नव्हतं. फाटक लावायला उतरली, समोर पट्टी दिसली, आणि तिला वाटलं, आज वारा नाही. यंत्र काढून काचेला चिकटवलं. एकटीच पळाली. टोकाला गेली. वळली. त्या दिवशी थांबली होती तिथेच थांबली. खिडक्या बंद होत्या. समोर तिच्याच दिव्यांचा उजेड, त्यापुढे काळोख.

सुई वर होती. ती बघत बसली. एकटी असून नियम कशाला पाळला, असं इगसानने विचारलं तिला. ती म्हणाली, मान वळेचना.

पंखा फिरत होता...

मग थांबला.

शांत. इतकं शांत की कानात स्वतःचंच रक्त ऐकू यावं...

आणि गाडी डावीकडे बसली.

किंचित. कुणी आत येऊन सीटवर बसलं की स्प्रिंग दबते ना, तेवढीच. दार उघडल्याचा आवाज नाही. काही नाही. फक्त गाडी तिकडे कलली, आणि तशीच राहिली.

नुरानने स्टिअरिंग धरलं. समोर बघत राहिली. तिला भीती दुसरीच होती. मान वळवली आणि तिथे कोणी नसलं तर?

"बूया..."

काही नाही.

"त्या दिवशी... तुम्हाला खूप त्रास झाला का?"

काही नाही.

"तुम्ही माझ्याकडे बघत होता का?"

...

सुई अगदी खाली आली होती.

डॅशबोर्डवर थाप पडली.

मग दुसरी.

ती सुटली. कशी, तिला आठवत नाही. डोळ्यांत पाणी, दिव्यांचा उजेड नुसता पसरलेला. शंभर कधी झाले कळलं नाही. ब्रेक. फाटकाकडचं टोक. गाडी उभी राहिली. इंजिन बंद केलं.

आता आकडा ऐकायचा होता. परत आलं की मुहसीन मोठ्याने सांगायचा ना? ती समोर बघत थांबली. ऐकायला.

कोणी बोललं नाही.

गाडी हलकेच सरळ झाली. डावीकडचं ओझं गेलं.

तेव्हा ती मोडली. डोकं स्टिअरिंगवर टेकलं आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. मी बघितलं नाही, मी बघितलं नाही, एवढंच म्हणत होती. किती वेळ, तिला माहीत नाही. डोकं वर केलं नाही तिने.

इगसान पोचला तो गाडीच्या मागून, झुडपांतल्या वाटेने. धापा टाकत डाव्या दाराशी आला, दार उघडून आत वाकला. "नुरान! ए नुरान! वेडी आहेस का तू?"

ती उठेना. याला काय बोलावं सुचेना. गाडीवाल्या माणसाचं तुम्हाला माहीत आहे, काही सुचलं नाही की तो यंत्राकडे बघतो. काचेवर दोन्ही धावा दिसत होत्या. एकाखाली एक. जाण्यापेक्षा येण्याला तीन दशांश सेकंद जास्त. इगसानने ती गाडी स्वतःच्या हाताने बांधलीय. वारा नाही, चढ नाही, टायर तेच, पाय तोच. नुसत्या धुंदीत सुटली असेल असं मीही त्याला म्हणालो. तो म्हणाला, "मामा, सुटतानाची चूक सुरुवातीला दिसते. इथे प्रत्येक गिअरला थोडं थोडं मागे. हे ओझं आहे. चांगल्या जाड माणसाचं."

त्याने हळूच विचारलं, "नुरान, येताना तुझ्याबरोबर कोण बसलं होतं?"

तेव्हा तिने डोकं उचललं. डावीकडे बघितलं. सीट रिकामी होती, आणि तिच्यापलीकडे घाबरलेला इगसान.

ती म्हणाली, "गेले का ते?"

 इगसानने फोनचा उजेड बाहेर फिरवला. आधीच्या दिवसांतल्या वाऱ्याने पट्टीवर वाळूचा पातळ थर आणून टाकला होता, आणि त्या गुरुवारी वारा नसल्यामुळे तो जसाच्या तसा होता. मागून आलेले इगसानच्या बुटांचे ठसे डाव्या दाराशी संपत होते.

डाव्या दारापासून पुढे मात्र दुसरे ठसे होते.

अनवाणी पावलांचे. रुंद. कफनात गुंडाळताना आपण कुणाला बूट घालत नाही.

ते मागे वळले नव्हते. झुडपांकडेही गेले नव्हते. गाडीच्या नाकाला वळसा घालून, बॉनेटला धरून चालावं तसे, जवळून, पलीकडे गेले होते. उजवीकडे. नुरानच्या खिडकीशी.

तिथे दोन्ही पावलं थांबली होती, बोटं काचेकडे करून. त्या जागची वाळू सरकून सरकून खालचं काळं डांबर उघडं पडलं होतं. गुडघे दुखणारा माणूस फार वेळ उभा राहिला की या पायावरून त्या पायावर होत राहतो, तसं.

तिथून पुढे एकही पाऊल नव्हतं.